लुई कान

लुई इझाडोर कान (२० फेब्रुवारी १९०१ – १७ मार्च १९७४) हे एस्टोनियात जन्मलेले अमेरिकन वास्तुविशारद आणि अध्यापक होते. कॅलिफोर्नियातील सॉक इन्स्टिट्यूट, टेक्सासमधील किंबेल कलासंग्रहालय, अहमदाबाद येथील भारतीय व्यवस्थापन संस्था आणि ढाका येथील राष्ट्रीय संसद भवन या त्यांच्या प्रमुख वास्तू होत. विसाव्या शतकातील थोर वास्तुविशारदांत त्यांची गणना होते. तथापि त्यांना स्वतःचा सूर गवसला तो वयाच्या पन्नाशीनंतर, आणि तो गवसताना विद्यापीठात मिळालेले, पुढे कालबाह्य ठरलेले शिक्षणच त्यांच्या कामी आले.

बालपण

कान यांचा जन्म रशियन साम्राज्याच्या अमलाखालील एस्टोनियात एका गरीब ज्यू कुटुंबात झाला. त्यांचे मूळ नाव लायझर-इट्झे श्मुइलोव्स्की. ते तीन वर्षांचे असताना शेगडीतील निखाऱ्यांच्या रंगाने आकर्षित होऊन त्यांनी काही निखारे अंगावरच्या कपड्यात घेतले. कपड्याने पेट घेतला आणि चेहरा व हात भाजले. चेहऱ्यावरील व्रण जन्मभर राहिले. असे जगण्यापेक्षा मूल गेलेले बरे असे वडिलांना वाटले, तर हा मुलगा पुढे मोठा माणूस होईल अशी आईची श्रद्धा होती, असे कुटुंबात सांगितले जाई.

१९०६ मध्ये हे कुटुंब अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात आले. वडिलांना नियमित काम नसे, त्यामुळे भाड्याची घरे वारंवार बदलावी लागत. १९१४ मध्ये कुटुंबाला नागरिकत्व मिळाले व १९१५ मध्ये त्यांनी कान हे आडनाव धारण केले. लुई यांची चित्रकला व संगीतातील गती शाळेतच दिसू लागली. ग्राफिक स्केच क्लब या विनामूल्य कलावर्गात ते शिकले. सेंट्रल हायस्कूलमध्ये शेवटच्या वर्षी विल्यम ग्रे या शिक्षकांनी घेतलेला वास्तुकलेच्या इतिहासाचा वर्ग त्यांच्या आयुष्याला वळण देणारा ठरला. चित्रकलेच्या शिक्षणासाठी पेनसिल्व्हेनिया अकॅडमी ऑफ द फाइन आर्ट्सची शिष्यवृत्ती मिळत असताना ती नाकारून त्यांनी वास्तुकला निवडली. शुल्काची हमी नसलेल्या घरातील मुलाने हा निर्णय घेणे धाडसाचेच होते.

विद्यापीठीय शिक्षण

१९२० मध्ये कान यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या वास्तुकला पदवी अभ्यासक्रमात प्रवेश घेतला. शिक्षणाचा खर्च त्यांनी मुख्यतः स्वतःच्या कमाईवर भागवला. मूकपटांचा तो काळ होता. पडद्यावरील दृश्यांना साथ देण्यासाठी चित्रपटगृहांत वादक ठेवले जात. दिवसभर आरेखन करून संध्याकाळी कान चित्रपटगृहात पियानो वाजवीत. मालकाने पियानोऐवजी ऑर्गन आणण्याचे ठरवून तो येतो का असे विचारले, तेव्हा कान यांनी बेधडक होकार दिला आणि मग ऑर्गन शिकून घेतला, अशी हकीकत ते पुढे सांगत.

त्या काळी हे विद्यापीठ अमेरिकेतील वास्तुशिक्षणाचे अग्रगण्य केंद्र होते. तेथील शिक्षण पॅरिसच्या एकोल दे बोझार या संस्थेच्या धर्तीवर चाले, आणि त्याचे सूत्रधार होते पॉल फिलिप क्रे. फ्रान्समधील लियाँ येथे जन्मलेले क्रे १९०३ मध्ये विद्यापीठात रुजू झाले होते. पहिल्या महायुद्धात ते फ्रेंच सैन्यात लढले व त्यानंतर पुन्हा अध्यापनाकडे वळले. कान यांना अखेरच्या वर्षी त्यांच्या हाताखाली शिकता आले.

बोझार पद्धतीत विद्यार्थ्याला एखाद्या इमारतीची गरज सांगणारा लेखी मजकूर मिळे. ती इमारत ग्रंथालय, स्नानगृह, न्यायालय अशी कोणतीही असे. विद्यार्थ्याने ठरावीक तासांत, कोणाचेही साहाय्य न घेता व पुस्तक न उघडता, एक प्राथमिक रेखाटन करून द्यायचे. याला एस्कीस म्हणत. ते जमा केल्यावर पुढील काही आठवडे त्याच कल्पनेचा विस्तार करायचा. अंतिम आराखडा मूळ रेखाटनापासून ढळला, तर तो स्पर्धेतून बाद होई. म्हणजे पहिल्या काही तासांत सुचलेल्या कल्पनेशी विद्यार्थी बांधला जाई. तळविन्यास, छेद आणि दर्शनी भाग शाईच्या पातळ थरांनी रंगवावे लागत आणि त्यांवर सावल्या अचूक पाडाव्या लागत. मुदत जवळ आली की रात्री जागवल्या जात. पॅरिसमध्ये चित्रे गोळा करण्यासाठी फिरणाऱ्या हातगाडीला शारेत म्हणत. तोच शब्द जगभरच्या वास्तुविद्यार्थ्यांच्या बोलीत शेवटच्या घाईसाठी रूढ झाला. शेवटी परीक्षकमंडळ कामे पाहून निकाल देई.

या पद्धतीत भिंतीलाही विशेष अर्थ होता. तळविन्यासात भरीव बांधकाम गडद रंगाने भरले जाई, त्याला पोशे म्हणत. जाड भिंतीच्या पोटात जिने, कोनाडे, छोट्या खोल्या दडवून मुख्य दालनाचा आकार निर्मळ ठेवणे हे कुशल विद्यार्थ्याचे लक्षण मानले जाई. कोणते दालन प्रधान व कोणते गौण, हे चित्र पाहताक्षणी कळले पाहिजे असा दंडक होता.

जून १९२४ मध्ये कान वास्तुकलेचे पदवीधर झाले. त्यांचे बालमित्र व सहाध्यायी नॉर्मन राइस पुढे पॅरिसला गेले व ल कॉर्ब्युझिए यांच्या कार्यालयात काम करणारे पहिले अमेरिकन ठरले. ज्या वर्गात स्तंभ व कमानींचे धडे दिले जात होते, त्याच वर्गातून आधुनिकतेच्या गोटात जाणारे निघाले हे लक्षणीय आहे.

उमेदीची आणि मंदीची वर्षे

पदवीनंतर कान यांनी शहराचे वास्तुविशारद जॉन मॉलिटर यांच्याकडे नोकरी केली. १९२६ मध्ये अमेरिकन स्वातंत्र्याच्या दीडशेव्या वर्षानिमित्त फिलाडेल्फियात भरलेल्या प्रदर्शनाच्या आरेखनात त्यांचा मोठा वाटा होता. १९२८-२९ मध्ये त्यांनी युरोपचा प्रवास करून इटलीतील जुन्या वास्तूंची चित्रे काढली. परतल्यावर क्रे यांच्याच कार्यालयात त्यांना काम मिळाले, परंतु महामंदीमुळे ते टिकले नाही. १९३० मध्ये त्यांचा एस्तर इझ्राएली यांच्याशी विवाह झाला. पुढील अनेक वर्षे घरखर्चाचा मुख्य आधार एस्तर यांची संशोधन साहाय्यकाची नोकरी हाच होता.

दरम्यान वास्तुकलेचे वारे बदलले. अलंकरण, सममिती, जाड भिंती हे सारे त्याज्य ठरले आणि बोझार शिक्षण हे जुनाटपणाचे दुसरे नाव झाले. कान यांनीही हा बदल स्वीकारला. १९३२ मध्ये त्यांनी बेकार वास्तुविशारदांचा एक अभ्यासगट स्थापून स्वस्त घरबांधणीचा विचार सुरू केला. नंतर जॉर्ज हाऊ व ऑस्कर स्टोनोरोव्ह यांच्यासह युद्धकाळातील कामगार वसाहती उभारल्या. ही कामे प्रामाणिक व उपयुक्त होती, मात्र त्यांत पुढच्या कान यांची चाहूल क्वचितच लागते.

अध्यापन आणि पुनर्शोध

१९४७ पासून कान येल विद्यापीठात शिकवू लागले. १९५०-५१ मध्ये रोममधील अमेरिकन अकादमीत राहण्याची संधी त्यांना मिळाली. तेथून त्यांनी ग्रीस व इजिप्तचा प्रवास केला. विद्यार्थिदशेत ज्या भग्नावशेषांचे आराखडे गिरवले होते, त्यांचे वजन व त्यांवर पडणारा प्रकाश आता त्यांनी प्रौढ नजरेने पाहिला. परतल्यावर बांधलेल्या येल विद्यापीठ कलादालनात (१९५३) काँक्रीटच्या त्रिकोणी जाळीचे भरभक्कम छत आहे. त्यामागे त्यांच्या सहकारी ॲन टिंग यांच्या भूमितीचिंतनाचा मोठा भाग होता. त्याचे श्रेय टिंग यांना दीर्घकाळ पुरेसे मिळाले नाही.

१९५७ मध्ये ते आपल्या मातृसंस्थेत प्राध्यापक म्हणून परतले आणि अखेरपर्यंत तेथेच राहिले. १९६६ मध्ये त्यांना जे अध्यासन मिळाले, त्याला क्रे यांचेच नाव होते. ज्या परिसरात ते विद्यार्थी होते, तेथेच त्यांनी रिचर्ड्स वैद्यकीय संशोधन प्रयोगशाळा उभारली. तिच्यात जिने व वायुवीजनाच्या नळ्या विटांच्या स्वतंत्र मनोऱ्यांत ठेवून प्रयोगशाळांचे मजले मोकळे सोडले आहेत. सेवा देणाऱ्या व सेवा घेणाऱ्या जागांचा हा भेद कान यांच्या विचाराचा गाभा मानला जातो, आणि जाड भिंतीत गौण जागा सामावण्याच्या विद्यार्थिदशेतील सवयीशी त्याचे नाते उघड आहे. ही इमारत गाजली, तरी आत काम करणारे शास्त्रज्ञ खिडक्यांतून येणाऱ्या तिरिपीने त्रासले व त्यांनी काचा झाकून घेतल्या. ला होया येथील सॉक इन्स्टिट्यूटमध्ये (१९६५) कान यांनी असे दोष टाळले. फोर्ट वर्थ येथील किंबेल संग्रहालयात (१९७२) तर छताच्या माथ्यावरील फटीतून येणारा प्रकाश परावर्तित होऊन काँक्रीटवर मंदपणे पसरतो.

भारतीय उपखंडातील कार्य

१९६२ मध्ये बाळकृष्ण दोशी यांच्या पुढाकाराने अहमदाबादच्या व्यवस्थापन संस्थेचे काम कान यांच्याकडे आले. विक्रम साराभाई व कस्तुरभाई लालभाई यांचा त्याला पाठिंबा होता. स्थानिक वीट हे मुख्य साहित्य ठरले. विटांच्या रुंद कमानी, त्यांना ताणून धरणाऱ्या काँक्रीटच्या तुळया आणि भिंतींतील मोठी वर्तुळाकार छिद्रे यांतून ऊन अडते व वारा खेळतो. मुंबईच्या सर ज. जी. वास्तुकला महाविद्यालयात शिकलेले अनंत राजे कान यांच्या फिलाडेल्फियातील कार्यालयात काम करून भारतात परतले. कान यांच्यानंतर या परिसराचे पुढील काम त्यांनी पाहिले.

त्याच वर्षी ढाक्याच्या संसद संकुलाचे कामही कान यांच्याकडे आले. १९७१ च्या युद्धात ते थांबले, बांगलादेश स्वतंत्र झाल्यावर पुन्हा सुरू झाले आणि कान यांच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी, १९८२ मध्ये पूर्णत्वास गेले.

मृत्यू आणि नंतर

१७ मार्च १९७४ रोजी अहमदाबादहून परतताना न्यूयॉर्कच्या पेनसिल्व्हेनिया रेल्वे स्थानकात हृदयविकाराच्या झटक्याने कान यांचे निधन झाले. कुटुंबापर्यंत वार्ता पोहोचेपर्यंत त्यांचा मृतदेह सुमारे दोन दिवस शवागारात पडून होता. अमेरिकन व ब्रिटिश वास्तुविशारद संस्थांची सुवर्णपदके मिळवलेल्या या माणसाचे कार्यालय मोठ्या कर्जात बुडालेले निघाले. कर्ज फेडण्यासाठी रेखाचित्रे विकली जाऊन विखुरण्याचा धोका होता. पेनसिल्व्हेनिया राज्याने ती विकत घेतली आणि आज ती त्यांच्याच विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. एस्तर यांच्यापासून झालेल्या मुलीखेरीज ॲन टिंग यांच्यापासून एक मुलगी व भूदृश्यकार हॅरिएट पॅटिसन यांच्यापासून एक मुलगा अशी त्यांची आणखी दोन अपत्ये होती. मुलगा नथॅनिएल याने वडिलांच्या शोधावर काढलेला ‘माय आर्किटेक्ट’ हा माहितीपट २००३ मध्ये प्रदर्शित झाला.

अहमदाबादच्या इमारतींना २००१ च्या भूकंपात तडे गेले. तेथील विक्रम साराभाई ग्रंथालयाचे जतनकाम मुंबईच्या सोमाया अँड कलप्पा या संस्थेने केले व त्याला २०१९ मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. डिसेंबर २०२० मध्ये संस्थेने अठरापैकी चौदा वसतिगृहे पाडण्याचे ठरवले. जगभरातून विरोध झाल्यावर १ जानेवारी २०२१ रोजी तो निर्णय मागे घेतला गेला. मात्र २०२२ मध्ये संस्थेने इमारती असुरक्षित असल्याचे सांगून वसतिगृहांच्या पुनर्बांधणीचा मार्ग पुन्हा धरला.