पंधरा वर्षांचा मिशनरी : जोसेफ एफ. स्मिथ

परदेशी सेवेस गेलेल्या मिशनऱ्यांची चरित्रे आपण वाचतो, तेव्हा त्यांनी किती प्रवचने केली व किती जणांना बाप्तिस्मा दिला हे त्यांत हमखास सापडते. त्यांना जेवू कोणी घातले, आजारात त्यांच्या उशाशी कोण बसले, हे मात्र क्वचितच लिहिलेले असते. या महिन्यात आम्ही ज्यांची ओळख करून देत आहोत, ते जोसेफ एफ. स्मिथ पुढे मॉर्मन पंथाचे सहावे अध्यक्ष झाले. बायबलबरोबर मॉर्मनचे पुस्तकही पवित्र शास्त्र मानणाऱ्या या पंथाची शिकवण आपल्या मंडळ्यांना मान्य नाही. तरी या पुरुषाच्या कोवळ्या वयातील तीन वर्षांची हकिगत शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी मुलांना अवश्य सांगावी, असे आम्हांस वाटते.

जोसेफचा जन्म १३ नोव्हेंबर १८३८ रोजी अमेरिकेतील मिसुरी राज्यात फार वेस्ट या गावी झाला. त्या वेळी त्याचे वडील हायरम कैदेत होते. पंथाचे संस्थापक जोसेफ स्मिथ हे त्याचे चुलते. जून १८४४ मध्ये जमावाने कार्थेज येथील तुरुंगात शिरून या दोघा भावांना ठार केले. मुलगा तेव्हा अवघा पाच वर्षांचा होता. १८४८ साली आई मेरी हिने आपले कुटुंब बैलगाड्यांतून सॉल्ट लेकच्या खोऱ्यात नेले. नऊ वर्षांचा जोसेफ वाटेत बैल हाकीत असे. १८५२ मध्ये आईही वारली.

हा पोरका मुलगा फार तापट निघाला. धाकट्या बहिणीला गुरुजी मारू लागले, तेव्हा त्याने गुरुजींनाच चोपले आणि त्याला शाळेतून काढून टाकण्यात आले, असे पुढे ते स्वतःच सांगत. अशा मुलाचे पुढे काय व्हायचे, ही चिंता कोणालाही वाटली असती. पण एप्रिल १८५४ च्या परिषदेत हवाई बेटांवर जाणाऱ्या मिशनऱ्यांमध्ये त्याचे नाव पुकारले गेले.

या मिशनऱ्यांना पगार नसे. जोसेफने कॅलिफोर्नियात लाकडी कौले पाडणाऱ्या गिरणीत काम करून जहाजाचे भाडे जमविले आणि सप्टेंबर १८५४ मध्ये तो होनोलुलूस उतरला. तेव्हा त्याला सोळावे वर्षही पुरे झाले नव्हते.

ही बेटे शुभवार्तेला अपरिचित नव्हती. १८१३ साली मुंबईत ज्या अमेरिकन बोर्डाने मराठी मिशनचे काम सुरू केले, त्याच बोर्डाचे मिशनरी १८२० मध्ये हवाईला पोहोचले होते. १८३९ पर्यंत संपूर्ण बायबल हवाई भाषेत छापून झाले होते. परंतु बाहेरून आलेल्या रोगांनी त्या लोकांची दैना केली होती. १८५३ मध्येच देवीच्या साथीने हजारो माणसे दगावली होती. परक्यांमुळे एवढे सोसलेल्या लोकांनी या परक्या मुलाला आपल्या घरात घेतले, हे आपण विसरू नये.

त्याला माउई बेटावर कुला येथे पाठविण्यात आले. तेथे तो तापाने अंथरुणाला खिळला. भाषा येत नाही, जवळ पैसा नाही, रक्ताचे कोणी नाही. अशा वेळी मा माहूहीई नावाच्या एका हवाई बाईने पोटच्या मुलासारखी त्याची शुश्रूषा केली. तो बरा झाला आणि सुमारे शंभर दिवसांत तेथील भाषा बोलू लागला. मग पुढचा काळ एका गावाहून दुसऱ्या गावी पायपीट, चटईवर निजणे, मिळेल ते खाणे, आपले कपडे आपण धुणे, उपदेश आणि वाचन यांत गेला. तेथील मुख्य अन्न म्हणजे पोई. अळूचे कंद शिजवून, कुटून केलेला तो लगदा बोटांनी खातात. बहिणीला तो पत्रे लिही, पण टपाल यावयास महिने लागत. आलेल्या मुलाने शिकवावे, त्याआधी यजमानांनीच त्याला बोलावयास व जेवावयास शिकविले होते.

पुढे लानाई बेटावर आग लागून त्याचे कपडे, पुस्तके व रोजनिशी जळाली. तो व त्याचा सोबती यांच्यात एकच पोशाख उरला. एक जण उपासनेस गेला की दुसरा अंथरुणात बसून राही, अशी आठवण सांगितली जाते. याच हलाखीच्या दिवसांत त्याला एक स्वप्न पडले. आपण स्नान करून स्वच्छ वस्त्रे ल्यालो आणि गेलेल्या आप्तांना निर्मळ होऊन भेटलो, असे ते स्वप्न होते. त्यानंतर आपण निराळे मनुष्य झालो, असे त्यांनी आयुष्याच्या अखेरीस सांगितले.

१८५७ मध्ये त्यांना परत बोलाविण्यात आले. पुढील आयुष्य वादळी होते. त्या काळच्या पंथाच्या रीतीप्रमाणे त्यांनी अनेक विवाह केले. एकूण सहा. सरकारी खटले टाळण्यासाठी १८८५ ते १८८७ या काळात ते हवाईतील लाये येथे राहिले. १९०१ मध्ये ते अध्यक्ष झाले. १९०४ मध्ये बहुपत्नीत्वाविरुद्ध कडक जाहीरनामा त्यांनीच काढला. १९ नोव्हेंबर १९१८ रोजी ते मरण पावले.

अध्यक्ष असताना एकदा ते होनोलुलूच्या धक्क्यावर उतरले. स्वागताला मोठी गर्दी होती. तिच्यात एक आंधळी, थकलेली म्हातारी त्यांना इओसेपा, म्हणजे आपला योसेफ, अशी हाक मारीत होती. तिच्या हातात थोडी केळी होती. ती मा माहूहीई होती. अध्यक्षांनी धावत जाऊन तिला मिठी मारली आणि आई, आई म्हणून ते रडले.

प्रिय वाचकहो, आपल्या गावीही शिक्षणासाठी, नोकरीसाठी परप्रांतांतून मुले येतात. ती रविवारी शेवटच्या बाकावर बसून निघून जातात. येत्या रविवारी त्यांपैकी एकाला तरी आपल्या घरी जेवावयास बोलवावे. त्या मुलाचे पुढे काय होईल हे मा माहूहीईला ठाऊक नव्हते, तरी तिने आपले दार उघडले.