आकड्यांना अर्थ देणारे महालनोबिस

भारतीय संख्याशास्त्राचे प्रवर्तक प्रशांतचंद्र महालनोबिस यांचा जन्म २९ जून १८९३ रोजी कोलकाता येथे झाला. केंब्रिजमधील शिक्षणानंतर ते कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात भौतिकशास्त्राचे अध्यापक झाले आणि तेथेच संख्याशास्त्राकडे वळले.

१९२२ मध्ये उत्तर बंगालमध्ये महापूर आला. पाणी अडविण्यासाठी खर्चिक जलाशय बांधण्याची सूचना पुढे आली. पर्जन्यमानाच्या नोंदी सरकारदप्तरी होत्या. परंतु त्यांतून निष्कर्ष निघाला नव्हता. महालनोबिस यांनी सुमारे ५० वर्षांच्या नोंदी तपासून असे जलाशय निरुपयोगी ठरतील, पाण्याचा जलद निचरा हाच उपाय आहे, असे दाखवून दिले. नोंदींचे रूपांतर निर्णयोपयोगी ज्ञानात झाले आणि मोठा खर्च टळला.

१९३१ मध्ये त्यांनी भारतीय सांख्यिकी संस्थेची स्थापना केली. पुढे १९३७ पासून बंगालमधील तागाच्या लागवडीची पाहणी त्यांनी हाती घेतली. ताग हा त्या काळी बंगालच्या व्यापाराचा कणा होता आणि पिकाचा विश्वसनीय अंदाज शेतकरी, व्यापारी व गिरण्या या सर्वांनाच हवा होता. प्रत्येक शेताची मोजणी वेळखाऊ, महागडी आणि चुकांना वाव देणारी होती. त्याऐवजी यादृच्छिक पद्धतीने निवडलेली मोजकी क्षेत्रे त्यांनी तपासली. दोन स्वतंत्र पथकांनी गोळा केलेल्या आकड्यांची तुलना करून मोजणीतील दोषही उघड करण्याची व्यवस्था त्यांनी केली.

या कार्यावर टीकाही झाली. पीककापणी प्रयोगांतील लहान क्षेत्रांमुळे उत्पादनाचा अंदाज फुगतो, असा आक्षेप सातारा जिल्ह्यात जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी घेतला. क्षेत्राच्या सीमेवरील रोपे मोजणीत येणे हे त्याचे एक कारण होते. आकडे काळजीपूर्वक गोळा केले, तरी मोजण्याची रीत सदोष असल्यास ज्ञानही सदोष ठरते, हा धडा या वादाने दिला.

१९५० मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नमुना पाहणीचे ते शिल्पकार होते. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेचा आराखडाही त्यांच्या प्रतिमानावर आधारलेला होता. १९६८ मध्ये त्यांना पद्मविभूषण किताबाने गौरविण्यात आले. २८ जून १९७२ रोजी त्यांचे निधन झाले. २००७ पासून त्यांचा जन्मदिन देशभर सांख्यिकी दिन म्हणून पाळला जातो.