गुरू तेगबहादूर आणि लखीशहा बंजारा

दिल्लीस संसदभवनानजीक गुरुद्वारा रकाबगंज साहिब आहे. त्याच्या आवारातील विशाल सभागृहास भाई लखीशहा वणजारा यांचे नाव दिलेले आहे. ते का दिले, हे आपल्या तांड्यांतील प्रत्येक मुलास ठाऊक असावे, म्हणून हे अल्पचरित्र समाजबांधवांपुढे ठेवीत आहे.

शिखांचे नववे गुरू तेगबहादूर यांचा जन्म १६२१ साली अमृतसर येथे झाला. सहावे गुरू हरगोविंद हे त्यांचे वडील. मूळ नाव त्यागमल. परंतु कोवळ्या वयात कर्तारपूरच्या लढाईत दाखविलेल्या शौर्यामुळे त्यांस तेगबहादूर हे नाव मिळाले. पुढे अनेक वर्षे ते बकाला गावी ईश्वरचिंतनात राहिले.

१६६४ साली आठवे गुरू हरकृष्ण निवर्तले. नवा गुरू बकाल्यास मिळेल, एवढाच संकेत त्यांनी दिला होता. तेव्हा तेथे अनेक जण गुरू म्हणून मिरवू लागले. परंपरा अशी सांगते की, मक्खनशहा लबाना या व्यापाऱ्याने आपले जहाज संकटातून तरल्यास पाचशे मोहरा अर्पण करण्याचा नवस केला होता. त्याने प्रत्येकापुढे दोनच मोहरा ठेविल्या. नवसाची पुरी रक्कम ज्यांनी ओळखली, ते तेगबहादूर. लबाना हे आपल्याच भाऊबंदांपैकी मानले जातात.

गुरूंनी पाटणा, ढाका व आसामपर्यंत प्रवास करून लोकांस निर्भयतेचा उपदेश केला. १६७५ साली काश्मीरचे पंडित सक्तीच्या धर्मांतरापासून रक्षण मागण्यास त्यांजकडे आले. गुरू स्वतः जानवे घालीत नसत. तरीही दुसऱ्याच्या जानव्यासाठी त्यांनी प्राण पणास लावले. दिल्लीत मतीदास, सतीदास व दयालदास या सोबत्यांचा त्यांच्यादेखत वध झाला, तरी ते ढळले नाहीत. नोव्हेंबर १६७५ मध्ये चांदणी चौकात औरंगजेबाच्या आज्ञेने त्यांचा शिरच्छेद झाला. तेथे आज सीसगंज गुरुद्वारा आहे.

भाई जैता यांनी गुरूंचे शिर आनंदपुरास पोहोचविले. धड उचलण्यास मात्र कोणी धजेना. तेव्हा लखीशहांनी आपल्या मालाच्या गाड्यांतून ते रायसीना गावी घरी नेले. उघड चिता रचणे म्हणजे मरण ओढवून घेणे. म्हणून त्यांनी राहत्या घरासच अग्नी दिला. त्याच जागी १७८३ साली सरदार बघेलसिंगांनी स्मारक उभारले, तेच रकाबगंज.

गुरूंचे पुत्र गोविंदसिंग १७०८ साली आपल्याच गोदाकाठी, नांदेडास, देह ठेविते झाले. जालन्याहून कित्येक कुटुंबे आगगाडीने तेथे दर्शनास जातात. परंतु ऊसतोडीच्या हंगामात मंठा, परतूर भागांतील तांड्यांवर घरांना कुलुपे लागतात आणि मुलांची शाळा सुटते, हेही आपण पाहतो. ज्या पूर्वजाने धर्मासाठी घर जाळले, त्याचे नाव वाचण्याइतकी विद्या तरी आपल्या लेकरांस मिळावी. पोटासाठी मोठ्यांनी जावे. मुलांस मात्र आजीआजोबांपाशी वा वसतिगृहात ठेवून शाळा चालू ठेवावी, ही समस्त बंधुभगिनींस नम्र विनंती.