साक्ष आणि साक्षात्कार : गुरुदेव रा. द. रानडे

श्रद्धा ही ज्याची त्याची खाजगी बाब आहे, असे म्हणून आपण पुष्कळदा वाद मिटवितो. एकाला देव भेटला, दुसऱ्याला भेटला नाही. पहिल्याने आपल्यापुरते मानावे, दुसऱ्याने आपल्यापुरते नाकारावे. ही तडजोड सोयीची खरी, पण तिने मूळ प्रश्न सुटत नाही. अनुभव ज्याचा त्यालाच प्रमाण असेल, तर ज्ञानोबा-तुकोबांच्या वचनांना आपण कोणत्या आधारावर मान देतो? परमुलखात वाढणाऱ्या आपल्या मुलांच्या हाती सवयीखेरीज दुसरे काय ठेवतो? हा प्रश्न ज्यांनी जन्मभर उराशी बाळगला आणि ज्यांच्या अध्यापनाचा मोठा काळ आमच्याप्रमाणेच महाराष्ट्राबाहेर गेला, त्या गुरुदेव रामचंद्र दत्तात्रेय रानडे यांचे चरित्र या सुवर्णमहोत्सवी अंकात सादर करताना आम्हांस विशेष समाधान वाटते.

रानडे यांचा जन्म ३ जुलै १८८६ रोजी जमखंडी येथे झाला. जमखंडी हे पटवर्धनांचे संस्थान. दरबार मराठी, मुलूख कानडी. तेव्हा दोन भाषांच्या सीमेवर वावरणे त्यांच्या वाट्यास बालपणापासूनच आले. १९०१ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, उमदीच्या भाऊसाहेब महाराजांकडून त्यांनी नाम घेतले. ही परंपरा निंबर्गी महाराजांपासून आलेली. तिच्यात कानडी आणि मराठी हे दोन्ही प्रवाह मिळालेले आहेत. नाम घेतले तेव्हा हा मुलगा शाळेत शिकत होता, आणि परमार्थाइतकीच परीक्षेतील यशाचीही ओढ त्याच्या मनात होती. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात असता १९०९ च्या सुमारास त्यांना कठीण दुखणे आले. देह टिकेल की नाही अशी शंका उत्पन्न झाली, आणि तेथून नामस्मरण हाच त्यांच्या आयुष्याचा कणा झाला. त्यांच्या श्रद्धेचा आरंभ असा अगदी वैयक्तिक होता. विशेष हे, की ते तेथे थांबले नाहीत.

१९१४ साली ते तत्त्वज्ञान विषय घेऊन एम. ए. झाले. त्याच वर्षी भाऊसाहेब महाराजांनी देह ठेवला. पुढे फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी अध्यापन केले, ग्रीक तत्त्वज्ञांवर निबंध लिहिले, आणि १९२६ साली उपनिषदांच्या तत्त्वज्ञानावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध होताच त्यांचे नाव देशभर झाले. यानंतर थोड्याच काळात प्रयाग विद्यापीठाने त्यांना तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकपदी बोलाविले. डॉ. गंगानाथ झा त्या वेळी तेथे कुलगुरू होते. पुण्याचा हा मराठी विद्वान गंगा-यमुनेच्या काठी गेला आणि सुमारे दोन दशके तेथे राहिला. काही काळ त्या विद्यापीठाचे कुलगुरुपदही त्यांनी सांभाळले.

प्रयागच्या या वास्तव्यात, १९३३ साली, महाराष्ट्रातील संतांच्या गूढवादावरील त्यांचा मोठा इंग्रजी ग्रंथ बाहेर आला. आमच्या प्रश्नाचा धागा येथे सापडतो. संतांचे वर्गीकरण त्यांनी त्यांच्या वृत्तीवरून केले : ज्ञानेश्वरांचा बुद्धिप्रधान मार्ग, नामदेवांचा लोकाभिमुख, एकनाथांचा समन्वयाचा, तुकारामांचा व्यक्तिनिष्ठ, रामदासांचा कृतिशील. संतांनी वर्णिलेले प्रकाशाचे, नादाचे, रूपाचे अनुभव त्यांनी वेचून काढले आणि एखाद्या शास्त्रज्ञाने नमुने मांडावे तसे शेजारी शेजारी मांडले. तुकारामांची देवासाठीची तळमळ समजून घेताना त्यांना स्पेनमधील ख्रिस्ती संत जॉन ऑफ द क्रॉस यांची आठवण झाली. स्वतः साधक असूनही पुराव्यादाखल त्यांनी स्वतःचा अनुभव पुढे केला नाही. साक्षीला उभे केले ते इतरांना. एकट्याच्या प्रचीतीवर इमारत उभारावयाची नाही, हा त्यांचा निश्चय यातून स्पष्ट दिसतो.

अनुभव खरा की भ्रम, हे ठरविण्यासाठी त्यांनी ज्या कसोट्या मांडल्या त्या थोडक्यात अशा. पहिली कसोटी सार्वत्रिकतेची. ज्यांची भाषा वेगळी, धर्म वेगळा, काळ वेगळा, ज्यांनी एकमेकांचे नावही ऐकले नव्हते, अशा साधकांच्या सांगण्यात मेळ पडत असेल, तर तो केवळ एकेका मनाचा खेळ म्हणता येत नाही. जर्मन तत्त्वज्ञ कांट याने ज्ञानाच्या प्रामाण्याचा संबंध सार्वत्रिकतेशी जोडला होता, त्याचा आधार रानडे येथे घेतात. दुसरी कसोटी बुद्धीची. शंकराचार्य, प्लोटिनस, स्पिनोझा यांच्यासारख्यांची विचारशक्ती प्रखर होती. ज्याचा विचार इतका निर्मळ, त्याच्या अनुभवास मेंदूचा विकार म्हणून झटकून टाकणे न्याय्य नव्हे. तिसरी कसोटी आचरणाची. अनुभवाने माणूस अधिक नीतिमान, अधिक निर्मत्सर झाला नाही, तर तो अनुभव संशयास्पदच समजावा.

या युक्तिवादावर आक्षेप घेता येणार नाहीत असे नाही. साक्षी एकसारख्या आहेत यावरून मानवी मन सर्वत्र एकसारखे आहे एवढेच सिद्ध होईल. त्या मनाबाहेर देव आहे हे त्यातून निघेलच असे नाही. शिवाय कांटची सार्वत्रिकता प्रत्येक विचारी माणसाला लागू असते, संत मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. आमच्या मते या आक्षेपांत तथ्य आहे. रानडे यांच्या बाजूने एवढे म्हणता येईल, की त्यांनी परीक्षेचे दार कोणासही बंद ठेवले नाही. तज्ज्ञाच्या शब्दावर विसंबून आपण रोज कितीतरी गोष्टी स्वीकारतो. त्या पडताळावयाच्या तर ती विद्या शिकावी लागते. परमार्थातही साधनाची शिस्त पत्करल्याविना पडताळा नाही. म्हणजे संतांची साक्ष आपणास वाटेला लावते, बुद्धी आणि शील त्या साक्षीची पारख करतात, आणि अखेरचा निवाडा स्वतःच्या अनुभवाकडेच राहतो. पण तोवर तो अनुभव एकाकी उरत नाही.

परप्रांतातील वास्तव्याने रानडे यांच्या या विचारास बळ दिले. प्रयागला राहून त्यांनी कबीर, सूरदास, तुलसीदास, मीरा यांची वाणी अभ्यासिली. हिंदी संतांवरील त्यांचा ग्रंथ १९५४ साली आला. कानडी संतांवरील ग्रंथ त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाला. मराठी संतांची वचने त्यांनी विषयवार लावून आधीच वाचकांच्या हाती दिली होती. जन्माने लाभलेल्या भाषा, अभ्यासाने जोडलेली भाषा आणि तिन्हींतील संत यांना त्यांनी एकाच सभेत बसविले.

१९४६ साली ते विद्यापीठाच्या सेवेतून निवृत्त झाले. सोलापूर-विजापूर लोहमार्गावरील निंबाळ या लहानशा गावी त्यांचा आश्रम होता. उर्वरित आयुष्य त्यांनी मुख्यत्वे तेथेच नामचिंतनात आणि साधकांच्या सहवासात घालविले, व ६ जून १९५७ रोजी तेथेच देह ठेवला.

आमच्या मंडळात गणेशोत्सवाच्या आरतीला उभी राहणारी मुले शेजारच्या घरी निराळी आरती ऐकतात, शाळेत निराळी प्रार्थना म्हणतात, आणि घरी येऊन विचारतात, की यांतले खरे कोणते? आजीने सांगितले म्हणून, हे उत्तर त्यांस फार दिवस पुरणारे नाही; आणि ज्याचे त्याने पाहावे, हे तर उत्तरच नव्हे. रानडे यांच्या चरित्रातून एक तिसरे उत्तर मिळते. शेजाऱ्याचा संतही आपल्याच संताच्या बाजूने साक्ष देत आहे का, ते लक्षपूर्वक ऐकावे. त्या साक्षीला बुद्धीची आणि वर्तनाची कसोटी लावावी. आणि मग स्वतः करून पाहावे. मुलांना हे सांगावयाचे तर आधी शेजाऱ्याचे संत आपण वाचले पाहिजेत. मंडळाच्या ग्रंथालयात मराठी संतांच्या शेजारी या प्रांतातील संतांची पुस्तके नांदू लागली, तर त्या कामाचा आरंभ झाला असे आम्ही समजू.