नटसम्राट बालगंधर्व

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत एका पुरुष नटाचे चरित्र कशासाठी, असे एखाद्या भगिनीस वाटेल. परंतु ज्या पुरुषाने स्त्रीची भूमिका केली आणि ती पाहून घरंदाज स्त्रियांनी आपल्या लुगड्याची निरी, अंबाड्यावरचा गजरा व अंगावरचे दागिने यांची ढब बदलली, त्याची हकिकत आपल्या पानांत शोभून दिसेल असे वाटते.

नारायण श्रीपाद राजहंस यांचा जन्म २६ जून १८८८ चा. घराणे मूळ सांगलीकडील नागठाण्याचे. वय दहाच्या सुमारास असताना पुण्यात त्यांचे गाणे ऐकून लोकमान्य टिळकांनी त्यांस बालगंधर्व म्हटले आणि तेच नाव जन्मभर राहिले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी या मुलाचा गुण हेरला. कानाच्या विकारावर मिरजेस उपचार झाले तेही महाराजांच्या आश्रयामुळेच. भाऊराव कोल्हटकर १९०१ साली निवर्तल्यावर किर्लोस्कर मंडळीत नायिकेची जागा रिकामी पडली होती. १९०५ साली नारायणराव मंडळीत आले आणि शाकुंतलातील शकुंतला होऊन प्रेक्षकांपुढे उभे राहिले.

१२ मार्च १९११ हा दिवस त्यांच्या आयुष्यात विसरता न येण्याजोगा ठरला. त्या रात्री मुंबईस खाडिलकरांच्या ‘मानापमान’ नाटकाचा पहिला प्रयोग होता आणि त्याच दिवशी त्यांची लहान मुलगी वारली. प्रयोग पुढे ढकलावा असे जवळच्यांस वाटणे साहजिक होते. पण प्रेक्षकांचा हिरमोड होऊ नये म्हणून नारायणराव तोंडाला रंग लावून भामिनी झाले. या कर्तव्यनिष्ठेचे कौतुक आजवर पुष्कळ झाले आहे. पण भगिनींनो, त्याच रात्री त्या मुलीची आई लक्ष्मीबाई हिला काय सोसावे लागले असेल, याचा विचार किती जणांनी केला? तिच्या दुःखावर टाळ्या पडल्या नाहीत. कलावंताच्या कीर्तीचा भार घरातील बाईच्या खांद्यावरही असतो, हे आपण स्त्रियांनी तरी ध्यानात ठेवावे.

१९१३ साली गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. १९१६ च्या ‘स्वयंवरा’त भास्करबुवा बखले यांच्या चाली आणि नारायणरावांची रुक्मिणी असा योग जुळला. उंची शालू, खरे जरतार, अत्तराचा घमघमाट असा या मंडळीचा थाट असे. पण १९१९ साली गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’मध्ये हीच रुक्मिणी दारुड्या नवऱ्याची सिंधू झाली आणि फाटक्या ठिगळाच्या लुगड्यात जात्याशी बसली. भरजरी वस्त्रे उतरल्यावरही प्रेक्षक तितकाच खिळून राहिला, यातच त्यांच्या अभिनयाची खरी परीक्षा झाली.

८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी केशवराव भोसले यांच्यासह संयुक्त ‘मानापमान’ झाले. केशवराव त्याच वर्षी गेले. मंडळीवर मात्र कर्जाचा डोंगर होता. थाटात काटकसर करणे नारायणरावांच्या स्वभावात नव्हते. पुढील कित्येक वर्षांची कमाई देणेकऱ्यांकडे गेली. ही उदारता होती तशीच बेहिशेबीपणाही होता. संसार चालविणाऱ्या आपल्यासारख्यांस दोन्हींतील अंतर सांगावयास नको.

नाटकगृहात जाणे त्या काळी प्रत्येकीच्या नशिबी नव्हते. अशांच्या घरी त्यांचा आवाज पोचविला तो ग्रामोफोनने. नाटकात ज्या पदास वन्समोअर घेत रात्र चढे, तेच पद तबकडीच्या एका बाजूच्या तीन-साडेतीन मिनिटांत बसवावे लागे. ताना आवरत्या घेऊन शब्दाचा भाव मात्र पूर्ण ठेवावयाचा, ही किमया त्यांना साधली होती. समोर रंग नाही, शालू नाही, नुसता आवाज. तरी त्यातून रुक्मिणीचा लाडिकपणा व सिंधूची व्यथा ऐकणारीस उमजे. म्हणूनच त्यांना कधी न पाहिलेल्यांनाही ते ओळखीचे वाटतात.

पुढे काळ पालटला. बोलपट आले, १९३३ च्या ‘आंधळ्यांची शाळा’ नाटकात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या. १९३५ साली प्रभातच्या ‘धर्मात्मा’ बोलपटात नारायणराव एकनाथ झाले, पण त्यांचा जीव रंगभूमीवरच होता. गोहरबाई कर्नाटकी यांच्या साथीने त्यांनी मंडळी पुन्हा चालविली. या सहवासाबद्दल लोकनिंदाही सोसली. अखेरच्या काळात पाय लुळे पडले, हाती पैसा उरला नाही. १९५५ साली संगीत नाटक अकादमीचा सन्मान व १९६४ साली पद्मभूषण मिळाले. १५ जुलै १९६७ रोजी पुण्यास त्यांचे देहावसान झाले.

पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिराची कोनशिला १९६२ साली त्यांच्याच हस्ते बसली. उद्घाटन २६ जून १९६८ रोजी झाले, ते पाहण्यास मात्र ते नव्हते. आज रोडपालीच्या भगिनीस नाटक पाहावयाचे तर पनवेलचे फडके नाट्यगृह जवळ आहे, आणि तेथे रंगमंचावर स्त्रीची भूमिका स्त्रीच करते. ही वाट मोकळी होण्यापूर्वी स्त्रीचे सुखदुःख हजारोंपुढे आदराने मांडणाऱ्या या थोर नटाचे आपण कृतज्ञतेने स्मरण करावे, आणि त्यासोबत लक्ष्मीबाईंचेही.