मोटारसायकलच्या कारबोरेटरमधलं ते बारीक भोक : अनाथाश्रमात वाढलेल्या विल्हेल्म मायबाख यांची गोष्ट

चार-सहा महिने गोठ्यात किंवा पडवीत उभी राहिलेली जुनी गाडी बाहेर काढली, की बहुतेक वेळा एकच होतं. किक मारून मारून पाय दुखतो, पण गाडी काही चालू होत नाही. पेट्रोल आहे, प्लगला ठिणगी आहे, तरी इंजिन फुरफुरून गप्प बसतं. मग गावातला मेकॅनिक पहिल्यांदा हात घालतो तो कारबोरेटरला. कुणी त्याला काबुरेटर म्हणतं, कुणी नुसतं कारब. ते खोलायचं, त्यातला पितळी जेट काढायचा, उजेडाकडे धरून बघायचा आणि साफ करून परत बसवायचा. पुष्कळदा तेवढ्यावर गाडी सुरू होते.

त्या जेटला सुईच्या टोकाएवढं भोक असतं. पेट्रोलवरची गाडी सुरळीत पळवायला तेवढं भोक लागतं, हे १३० वर्षांपूर्वी ज्यांनी ओळखलं, त्यांच्यातलं मोठं नाव म्हणजे जर्मनीचे विल्हेल्म मायबाख. आज मायबाख म्हटलं की सिनेनट आणि उद्योगपतींच्या कोट्यवधींच्या गाड्या डोळ्यांसमोर येतात. पण ज्याच्या आडनावावरून ते नाव आलं, तो माणूस सुताराचा पोरका मुलगा होता.

दहाव्या वर्षी पोरका

विल्हेल्म यांचा जन्म ९ फेब्रुवारी १८४६ रोजी जर्मनीतल्या हाइलब्रॉन गावी झाला. वडील सुतार. घरात पाच भावंडं. विल्हेल्म आठ वर्षांचा असताना आई गेली आणि दोन वर्षांत वडीलही गेले. पाच पोरांना सांभाळायचं कुणी, हा प्रश्न उभा राहिला. शेवटी नातेवाइकांनी वर्तमानपत्रात जाहिरात दिली, की या पोरक्या मुलांना कुणी आधार द्यावा.

ती जाहिरात रॉयटलिंगेन गावच्या एका संस्थेपर्यंत पोहोचली. गुस्टाव वेर्नर नावाच्या धर्मोपदेशकानं गरीब आणि अनाथ मुलांसाठी ती चालवली होती. तिथं नुसतं जेवायला घालून सोडत नसत. संस्थेचे स्वतःचे कारखाने होते आणि पोरांना हातात धंदा दिला जाई. विल्हेल्मला आधी बेकरीत घालायचं चाललं होतं, असं सांगतात. पण त्याचा हात चित्रात, आकृत्यांत बरा चालतो हे ध्यानात आलं आणि त्याला यंत्रांचे नकाशे काढायला बसवलं. दिवसा काम, संध्याकाळी गावच्या शाळेत गणित आणि पदार्थविज्ञान. कॉलेजची पदवी त्यांनी कधी घेतली नाही.

१८६३ च्या अखेरीस त्या कारखान्यावर देखरेखीला एक नवा इंजिनिअर आला. नाव गॉटलिब डाइम्लर. मायबाख तेव्हा १७ वर्षांचे, डाइम्लर त्यांच्याहून १२ वर्षांनी मोठे. डाइम्लर यांनी हा मुलगा हेरला आणि आपल्या हाताखाली घेतला. पुढं डाइम्लर कार्ल्सरूहेला गेले, मायबाख मागोमाग गेले. १८७२ मध्ये डाइम्लर कोलोनजवळच्या डॉइट्झ इंजिन कारखान्यात गेले, तिथंही मायबाख आले. ही जोडी डाइम्लर यांच्या मरणापर्यंत टिकली.

माळ्याला वाटलं, खोटा पैसा पाडतात

डॉइट्झचा कारखाना निकोलाउस ऑटो यांचा. १८७६ मध्ये तिथं फोर स्ट्रोक इंजिन तयार झालं. आजही मोटारसायकलमध्ये तेच तत्त्व आहे : आत ओढा, दाबा, पेटवा, बाहेर फेका. पण ते इंजिन अवजड होतं. एका जागी बसवून पट्ट्यानं गिरणी नाहीतर पंप चालवायचा, तोही गॅसवर. मिनिटाला जेमतेम १२० ते १८० फेरे.

डाइम्लर आणि मायबाख यांना हवं होतं लहान, हलकं, जोरात फिरणारं आणि पेट्रोलवर चालणारं इंजिन. ऑटोंशी पटेना. १८८२ मध्ये डाइम्लर नोकरी सोडून श्टुटगार्टजवळच्या कॅनस्टाटला आले आणि घरामागच्या बागेतल्या काचेच्या खोलीत वर्कशॉप थाटलं. मायबाख बायको आणि लहान मुलाला घेऊन तिथंच आले.

दोघं दार लावून रात्री-बेरात्री ठोकाठोक करायचे. बागेच्या माळ्याला संशय आला की आत खोटा पैसा पाडतात. त्यानं पोलिसांत सांगितलं. पोलीस आले, दार उघडलं, तर आत नुसती इंजिनं!

त्याच खोलीतून मिनिटाला ६०० फेरे घेणारं इंजिन बाहेर पडलं. १८८५ मध्ये त्यांनी ते एका लाकडी दुचाकीवर बसवलं. लाकडी चाकं, त्यावर लोखंडी धाव, पडू नये म्हणून दोन्ही बाजूंना एकेक छोटं चाक. इंजिन २६४ सीसी, ताकद अर्धा हॉर्सपॉवर, वेग तासाला १२ किलोमीटरपर्यंत. इंजिन थेट बसायच्या जागेखाली, म्हणजे बुडाखाली जाळच. पेट्रोल इंजिनवर चाललेली पहिली मोटारसायकल ती हीच मानतात. पेटंट डाइम्लर यांच्या नावावर झालं. नकाशे बहुतेक मायबाख यांच्या हातचे होते.

पेट्रोल पेटत नाही, त्याची वाफ पेटते

गाडी धावली, पण एक दुखणं कायम होतं. पातळ पेट्रोल तसंच इंजिनात ओतून उपयोग नाही. ते हवेत नीट मिसळलं तरच पेटतं. साधारण एक ग्रॅम पेट्रोलला १५ ग्रॅम हवा लागते. हवा जास्त झाली तर इंजिन फटफट करून बंद पडतं. पेट्रोल जास्त झालं तर काळा धूर निघतो आणि प्लग काळा पडतो.

सुरुवातीच्या कारबोरेटरमध्ये डब्यात पेट्रोल ठेवून त्यावरून हवा ओढत. जेवढी वाफ होईल तेवढी हवेसोबत इंजिनात जाई. थंडीत वाफ कमी, उन्हात जास्त. रस्त्यात खड्डा आला की डब्यातलं पेट्रोल हिंदकळायचं. शिवाय पेट्रोलमधला हलका भाग आधी उडून जाई आणि खाली जड भाग राही, मग इंजिन पेटेना. असल्या गाडीवर लांबचा प्रवास कठीणच.

इकडं धंद्यातही बिनसलं होतं. १८९० मध्ये भांडवलवाल्यांना घेऊन डाइम्लर कंपनी निघाली, पण कंपनीची सूत्रं भांडवलवाल्यांच्या हाती गेली. मायबाख यांना दिलेल्या अटी इतक्या जाचक होत्या, की फेब्रुवारी १८९१ मध्ये ते बाहेर पडले. डाइम्लर यांनी मग गपचूप स्वतःच्या पैशानं त्यांना काम चालू ठेवायला सांगितलं. जागा मिळाली कॅनस्टाटच्या जुन्या हेरमान हॉटेलातली. हॉटेल बंद झालेलं, त्याच्या बागेतल्या सभागृहात लेथ आणि भाते बसले.

तिथंच १८९३ च्या सुमाराला मायबाख यांचा फवाऱ्याचा कारबोरेटर तयार झाला. युक्ती अशी : हवा अरुंद नळीतून जोरात ओढायची. अरुंद जागी हवेचा वेग वाढतो आणि दाब घटतो. तिथंच एक बारीक तोटी ठेवायची. दाब घटला की तोटीतून पेट्रोल आपोआप वर ओढलं जातं आणि त्याचा फवारा उडतो. पिकावर औषध मारायच्या पंपाच्या नोझलमधून जसा तुषार उडतो, तसाच. खालच्या वाटीत पेट्रोलची पातळी सारखी राहावी म्हणून तरंगता फ्लोट. पेट्रोल कमी झालं की फ्लोट खाली जातो, पिन उघडते. भरलं की फ्लोट वर येतो, पिन बंद होते. घरावरच्या पाण्याच्या टाकीतल्या बॉलकॉकसारखं.

या शोधाचा मान एकट्या मायबाख यांचा नाही. हंगेरीच्या दोनात बांकी आणि यानोश चोंका यांनीही त्याच वर्षी, काही महिने आधीच, अशा कारबोरेटरचं पेटंट घेतलं होतं. हंगेरीत तेच पहिले मानले जातात. पण मायबाख यांचा कारबोरेटर त्यांच्या नव्या इंजिनावर बसून रस्त्यावर आला आणि तो मार्ग पुढं जगभर चालला.

आजही गाडी का अडते?

राजदूत असो, बुलेट असो की जुनी स्प्लेंडर, कारबोरेटरची मूळ युक्ती तीच आहे. गाडी उभी राहिली की वाटीतलं पेट्रोल हळूहळू उडतं आणि मागं चिकट, डिंकासारखा थर राहतो. तो आधी लहान जेटमध्ये बसतो. म्हणूनच अशी गाडी चोक ओढून कशीबशी चालू होते, पण चोक सोडला की बंद पडते, स्लोला थांबत नाही. मोठा जेट अडला तर स्लोला चालते, पण रेस दिली की दम टाकते.

साफ करताना जाणते मेकॅनिक हा क्रम पाळतात. गाडी उघड्यावर, चुलीपासून आणि विडी-काडीपासून लांब. आधी पेट्रोलचा कॉक बंद. वाटीतलं जुनं पेट्रोल काढून टाकायचं. वाटी खोलून दोन्ही जेट नेमक्या मापाच्या पेचकसानं काढायचे, नाहीतर पितळेची खाच मोडते. हवेचा स्क्रू काढण्याआधी तो किती फेरे आत जातो ते मोजून ठेवायचं. जेट कारबोरेटर क्लीनरमध्ये किंवा ताज्या पेट्रोलात भिजवून हवेच्या नळीनं फुंकायचे. तोंडानं फुंकायचं नाही. भोकात तार किंवा दाभण घालायचं तर मुळीच नाही. भोक जरासं मोठं झालं, तरी जेट वाया गेला आणि पुढं पेट्रोल जास्त खाणार ते वेगळंच. अगदीच अडलं तर वायरमधली तांब्याची एकच बारीक तार, तीही हलक्या हातानं. फ्लोटला भोक नाही ना, पिन झिजली नाही ना, रबराची रिंग फाटली नाही ना, एवढं बघून परत बसवायचं. टाकीतही जुनं पेट्रोल असेल तर तेही बदलायचं, नाहीतर आठवड्यात पुन्हा तेच.

मर्सिडीज आणि पुन्हा बेदखली

मायबाख यांच्या नव्या इंजिनाचं नाव झालं. १८९५ मध्ये फ्रेडरिक सिम्स या इंग्लंडमधल्या उद्योजकानं त्याच्या परवान्यासाठी ३ लाख ५० हजार मार्क देऊ केले. अट एकच : डाइम्लर कंपनीत परत यायला हवेत. त्यांच्याबरोबर मायबाखही परतले, ते मुख्य तंत्रज्ञ म्हणून.

मार्च १९०० मध्ये डाइम्लर वारले. त्याच वर्षी एमिल येलिनेक या व्यापाऱ्यानं नव्या धर्तीच्या ३६ गाड्या मागितल्या. अट घातली, की गाडीला त्याच्या मुलीचं नाव द्यायचं : मर्सिडीज. मायबाख यांनी ती गाडी आखली. ३५ हॉर्सपॉवर, चार सिलिंडर, दोन कारबोरेटर आणि थंड ठेवायला मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर, त्यात ८,०७० बारीक नळ्या. मार्च १९०१ मध्ये फ्रान्समधल्या नीसच्या शर्यतींत या गाडीनं बाकीच्यांना मागं टाकलं. फ्रेंच लोक मायबाख यांना यंत्रकारांचा राजा म्हणू लागले. आज पुण्याजवळ चाकणला ज्या मर्सिडीज जोडल्या जातात, त्यांचं घराणं तिथून सुरू होतं.

घरच्या कंपनीत मात्र उलटंच चाललं होतं. पाठीशी उभा राहणारा डाइम्लर गेला होता. संचालकांनी मायबाख यांना हळूहळू बाजूला सारलं, अधिकार काढून घेतले. १९०७ मध्ये साठी ओलांडलेला हा माणूस कंपनी सोडून निघाला.

पण ते घरी बसले नाहीत. काउंट झेपेलिन यांच्या हवाई जहाजांना भरवशाचं इंजिन हवं होतं. १९०९ मध्ये मायबाख यांनी झेपेलिन यांच्याबरोबर इंजिनाचा कारखाना काढला आणि त्याची धुरा मुलगा कार्ल याच्याकडं दिली. हीच इंजिनं पुढं पहिल्या महायुद्धात बॉम्ब टाकणाऱ्या जहाजांवरही चालली. १९१६ मध्ये श्टुटगार्टच्या तंत्रविद्यालयानं कॉलेजात कधीच न गेलेल्या मायबाख यांना मानद डॉक्टर केलं. युद्धानंतर कार्लनं मोटारी बनवल्या आणि तेव्हा कुठं मायबाख हे आडनाव गाडीवर लागलं.

ऑगस्ट १९२९ मध्ये ग्राफ झेपेलिन या हवाई जहाजानं पृथ्वीला फेरी मारली. त्यावर मायबाख कारखान्याची पाच इंजिनं होती. त्यानंतर चार महिन्यांनी, २९ डिसेंबर १९२९ रोजी, वयाच्या ८३ व्या वर्षी विल्हेल्म मायबाख वारले. कॅनस्टाटच्या ज्या कबरस्तानात डाइम्लर आहेत, तिथंच त्यांनाही ठेवलं.

भारतात २०२० पासून बीएस-६ गाड्या आल्या आणि नव्या मोटारसायकलींतून कारबोरेटर जवळपास गेला. आता संगणक पेट्रोल मोजून सोडतो. पण तालुक्याच्या रस्त्यांवर अजून असंख्य जुन्या गाड्या दूध, वैरण आणि शाळेची पोरं वाहतात. त्या प्रत्येकीच्या पोटात ते पितळी भोक आहे आणि ते साफ ठेवलं तर गाडी अजून बरीच वर्षं चालेल.