वाऱ्याची रेषा ओळखणारे बत्तिस्ता पिनिनफारिना

भेडाघाट (जबलपूर) : धुवांधारवरून कोसळणारी नर्मदा पुढे संगमरवरी कड्यांच्या अरुंद घळीत शिरते. पाण्याच्या पातळीजवळचा, तिने युगानुयुगे झिजवलेला पाषाण नावेतून पाहताना एक गोष्ट ध्यानात येते. प्रवाहाला अडवणारे कोपरे नाहीसे होतात आणि त्याला वाट देणारी वळणे तेवढी उरतात. आल्प्स पर्वतात हेच काम वारा बर्फावर करतो. सेस्त्रिएरे येथील बर्फावर वाऱ्याने कोरलेले आकार, कोठे गोलाई तर कोठे एकाएकी तुटलेली धार, पाहून तूरिन शहरातील एका कारागिराला मोटारीच्या घडणीची नवी दृष्टी लाभली. त्यांचे नाव बत्तिस्ता फारिना. मुंबईच्या महिंद्र समूहाच्या मालकीच्या कंपनीने 2019 मध्ये जिनिव्हा येथे सादर केलेल्या विद्युत हायपरकारला ‘बत्तिस्ता’ हे नाव मिळाले ते त्यांच्यावरूनच.

2 नोव्हेंबर 1893 रोजी जन्मलेले बत्तिस्ता अकरा भावंडांतील दहावे. पिएमोंती बोलीत धाकट्याला लाडाने म्हणतात ते ‘पिनिन’ हे नाव त्यांना जन्मभर चिकटले. वयाच्या बाराव्या वर्षीच ते थोरले बंधू जोव्हान्नी यांच्या गाड्यांचे सांगाडे बांधणाऱ्या कारखान्यात कामाला लागले. अठरा वर्षांचे असताना त्यांनी रेखाटलेला रेडिएटरचा दर्शनी भाग फियाटच्या ‘झीरो’ या मोटारीसाठी जोव्हान्नी आन्येल्ली यांनी निवडला. 1920 मध्ये ते अमेरिकेत गेले, तेव्हा हेन्री फोर्ड यांनी त्यांना नोकरी देऊ केली. पण ती नाकारून ते तूरिनला परतले. पुढे दहा वर्षांनी, 1930 मध्ये, त्यांनी स्वतःचा कारखाना उभारला.

त्या काळी मोटार म्हणजे जणू घोडे काढून घेतलेली बग्गीच होती. पुढचा भाग उभ्या भिंतीसारखा, दिवे बाहेर टांगलेले, मडगार्ड वेगळे. अशी गाडी हवेला धडका देत चाले. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो आणि तो तोडण्यासाठी लागणारी शक्ती आठपट. इंजिन मोठे करत राहण्यापेक्षा आकार बदलणे शहाणपणाचे, हे पिनिन यांनी ओळखले. 1936 मध्ये लान्चियाच्या ‘अप्रिलिया’वर त्यांनी निमुळत्या पाठीची वायुगतिकीय गाडी बांधली. तेव्हा त्यांच्याजवळ गाडी मावेल असा स्वतःचा वातबोगदा नव्हता. होते ते हाताचे आणि डोळ्याचे ज्ञान.

महायुद्धानंतर 1946 मध्ये पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात पराभूत इटलीला प्रवेश नव्हता. पिनिन आणि त्यांचे चिरंजीव सेर्जो यांनी तूरिनहून दोन मोटारी स्वतः चालवत पॅरिस गाठले आणि प्रदर्शनाच्या ग्राँ पॅले या वास्तूबाहेर त्या उभ्या केल्या. आत जाणारे लोक बाहेरच थबकू लागले. उद्ध्वस्त देशातील एका कारागिराने केलेला हा स्वाभिमानाचा उच्चारच होता, आणि त्यात किंचित खोडकरपणाही होता.

लगोलग 1947 मध्ये आली ‘चिसितालिया 202’. तिचे बॉनेट मडगार्डांपेक्षा खाली उतरलेले, दिवे अंगातच सामावलेले आणि सारे शरीर एकसंध कवचासारखे. अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा हातोडीने ठोकून हे कवच घडवले जाई. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने 1951 मध्ये निवडक आठ मोटारींचे प्रदर्शन भरवले, त्यात तिला स्थान मिळाले. पुढे एन्झो फेरारी यांच्याशी संबंध जुळायचे होते. पण दोघेही मानी, एकमेकांच्या दारी जाण्यास नाखूश. अखेर तोर्तोना या मधल्या गावी भेट झाली आणि कित्येक दशके टिकलेले सहकार्य सुरू झाले.

केवळ श्रीमंतांसाठीच त्यांनी काम केले असे मात्र नाही. फ्रान्समधील सामान्य कुटुंबांची ‘प्यूजो 403’ त्यांच्याच कारखान्यात आकाराला आली. 1961 मध्ये इटलीच्या राष्ट्राध्यक्षांनी टोपणनाव आडनावात मिसळण्यास अनुमती दिली आणि फारिना घराणे ‘पिनिनफारिना’ झाले. त्याच वर्षी त्यांनी कारभार सेर्जो आणि जावई रेन्झो कार्ली यांच्या हाती सोपवला. मार्च 1966 मध्ये जिनिव्हात त्यांची अखेरची मोटार, अल्फा रोमिओची ‘स्पायडर’, लोकांपुढे आली आणि 3 एप्रिल रोजी लोझान येथे त्यांचे निधन झाले. कारखान्याचा पूर्ण आकाराचा वातबोगदा 1972 मध्ये उभा राहिला. तो पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

2015 च्या डिसेंबरमध्ये महिंद्र समूहाने या इटालियन संस्थेचे बहुसंख्य समभाग घेण्याचा करार जाहीर केला आणि पुढे मोटारनिर्मितीसाठी स्वतंत्र कंपनी निघाली. तिच्या ‘बत्तिस्ता’त प्रत्येक चाकासाठी एक अशा चार मोटर्स आहेत आणि एकत्रित शक्ती सुमारे 1,900 अश्वशक्ती. 120 किलोवॅट-तासांची, इंग्रजी टी अक्षराच्या आकाराची बॅटरी आसनांच्या मागे व मधोमध बसते. अशा वाहनात हवेशी दुहेरी व्यवहार असतो. विरोध वाढला तर साठवलेली वीज लवकर संपते. फार कमी केला तर भरधाव वेगात गाडीला रस्त्यावर दाबून धरणारे बलही घटण्याचा धोका असतो. म्हणून मागचा पंख हलता ठेवला आहे. ब्रेक लावताच तो उभा राहून हवेचाच अडसर करतो. ज्यांना पहिले यश इंजिनाच्या रेडिएटरने दिले, त्यांच्या नावाच्या या गाडीत इंजिनच नाही. तूरिनजवळील कांबियानो येथे हाताने जुळणी होणाऱ्या या गाड्यांची संख्या 150 वर मर्यादित ठेवण्यात आली.